पहार ठळक

अक्षरं माणसावर ओरडू शकतात, असं मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला पाणी विचारलं असतं आणि पंख्याखाली बसवलं असतं. आता मी तसं करणार नाही. कारण अशी ओरडणारी अक्षरं मी स्वतः निवडली, स्वतः उभं राहून कापून घेतली आणि भर दिवसा, शुद्धीत असताना, आपल्याच घराच्या खिडकीवर टांगली. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर निदान त्याला नावं ठेवता आली असती.

काम केवढं? बायकोला लहान मुलांसाठी हस्ताक्षराचा वर्ग काढायचा होता आणि त्याला एक पाटी हवी होती. बस्स.

"पाटी कशाला?" ती म्हणाली. "कागदावर लिहिते आणि खिडकीत लावते."

तिथेच हा विषय संपायला हवा होता. ती जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत होती आणि तिचं अक्षर असं आहे की किराणा दुकानदार तिने लिहिलेली यादी टाकून देत नाही, काचेखाली ठेवतो. तिच्या अक्षराला गोलाई आहे. तिचा ‘ळ’ बघितला की दोन पोरं एकमेकांना टेकून बाकावर बसलीत असं वाटतं. पण मला तो कागद कसासाच वाटला. आपली बायको वर्ग काढते आणि पाटी कागदाची? उद्या लोक म्हणतील, नवरा घरात बसून काय करतो?

शिवाय आत आणखी एक गोष्ट होती, ती सांगूनच टाकतो. शाळा सुटल्यापासून ती गप्प गप्प झाली होती. निवृत्तीच्या समारंभात शाळेतल्या कुणीसं म्हटलं होतं, "आता काय, मुलं मोबाइलवर टाइप करतात, अक्षर कुणाला हवंय!" ते म्हणणारा हसला, सगळे हसले, तीही हसली. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लिहून लावल्या. साखर, मीठ, डाळ, तांदूळ. एका डब्यावर तर ‘रिकामा’ असं लिहिलं होतं, आणि तेही इतकं सुरेख की त्यात काही भरायला जीव होईना. डबे संपले आणि तिचं लिहिणंही संपलं.

पूर्वी ती माझ्या सहीला हसायची. "शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेली, ती तुमची सही," हे तिचं वाक्य आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांना पाठ आहे. एकदा बँकेच्या कागदावर मी मुद्दाम, तिला दिसेल अशी, नेहमीपेक्षा भिकार सही केली. तिने बघितली आणि नुसतं "झालं?" म्हणाली. मुंगीचं नावही काढलं नाही. म्हणून वर्गाची गोष्ट तिने स्वतःहून काढली, तेव्हा मी ठरवलं की पाटी अशी करायची की मुलं धावत आली पाहिजेत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळी इमारत ‘सर्वज्ञ’ म्हणते, तोंडावर ‘काका’. पाटीची बातमी त्यांना जिन्यातच लागली.

"पाटीचा एकच नियम," ते म्हणाले. "समोरच्या बस थांब्यावरच्या माणसाला, चष्मा घरी विसरला असताना, वाचता आली पाहिजे."

"पण चष्मा विसरलेल्या माणसाची मुलं आपल्याकडे येणार आहेत का?"

"येतील. त्यांचीच अक्षरं वाईट असतात."

त्याच संध्याकाळी माझा मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ घरात हत्यारांची पेटी बाळगतो आणि त्यामुळे स्वतःला अभियंता समजतो. "भाऊजी, लाकूड कुजतं, कापड फाटतं," तो म्हणाला. "पाटी लोखंडी करा. आपल्यामागे राहील." वर्गाला पहिला विद्यार्थी मिळाला नव्हता, पण पाटी आमच्यामागे राहणार हे नक्की झालं.

पाट्यांचं दुकान आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. मालकाला सगळे पेंटर म्हणतात. त्याने हातात ब्रश घेतल्याला जमाना लोटला. आता तो संगणकासमोर बसतो आणि एका बोटाने अक्षरं बदलतो. त्याने मला ‘सुंदर हस्ताक्षर वर्ग’ हे शब्द टंकून, त्यांना एकेक वेश चढवून दाखवला. एक लग्नपत्रिकेचा, नुसता वेलबुट्टीचा. एक औषधांच्या दुकानाचा, स्वच्छ आणि अळणी. एक वर्तमानपत्राचा. मी मान हलवत होतो, आणि तेवढ्यात पडद्यावर ते अक्षर आलं.

काय सांगू! शिरोरेघ म्हणजे घराची तुळई. ‘व’चं पोट गोल नाहीच, चक्क पेटी, तीही कोपरे धारदार असलेली. ‘र’ची शेपटी कुऱ्हाडीने तिरकी तोडल्यासारखी. काना, उकार, रफार, कुणाला म्हणून वळण नाही. जिथे वळायचं तिथे खटकन कोन. अनुस्वार हा टिंब असतो असा माझा समज होता. इथे तो विटेसारखा चौकोनी होता आणि ‘सुं’च्या डोक्यावर आत्ता पडेल की मग पडेल, असा बसला होता.

"हे काय आहे?" मी श्वास रोखून विचारलं.

"हा ‘पहार’. त्यातला ठळक. पहार ठळक."

"कुठे वापरतात?"

"व्यायामशाळा. टायरची दुकानं. मारामारीच्या सिनेमाचे फलक. मोर्चे. आणि ते ‘पुढे खोदकाम चालू आहे’ असतं ना, तिथे."

"मुलांच्या वर्गाला?"

"अजून कुणी मागितला नाही," पेंटर म्हणाला.

शहाण्या माणसाने या वाक्यातली सूचना ओळखली असती. मला ती स्तुती वाटली. आता खरं सांगायचं तर मी कचेरीत जन्म काढला आणि बैठकीत माझं वाक्य कधी पूर्ण झालं नाही. मी "मला असं वाटतं की" म्हणेपर्यंत चहा यायचा. घरातही दूधवाला मला दोनदा "काय म्हणालात?" असं विचारतो. आणि इथे एक अक्षर होतं, ज्याला कुणी "काय म्हणालात?" विचारण्याची हिंमत करणार नाही. असं अक्षर आपल्या बाजूने उभं असावं, असं कुणाला वाटणार नाही? मी म्हटलं, हेच.

तिथून नक्षा घेऊन वेल्डरकडे गेलो. तो अक्षर बघून खूश झाला. एवढा खूश झालेला कारागीर बघून खरं म्हणजे माणसाने सावध व्हावं.

"वा! सगळं सरळ आहे," तो म्हणाला. "गोल अक्षर कापायचं म्हणजे डोक्याला ताप. हे बघता बघता कापतो."

आणि खरोखर कापलं. पत्र्यातून एकेक अक्षर ठिणग्या उडवत बाहेर पडलं. शेवटी एका बाजूला अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला अक्षरांच्या आकाराची भोकं असलेला भला मोठा पत्रा उरला. वेल्डरने तो पायाने भंगाराकडे सरकवला.

"थांबा," मी म्हणालो. "तो आमचा आहे."

"याचं काय करणार?"

"काय करणार ते आमचं आम्ही बघू. पत्रा अख्खा घेतलाय आम्ही."

हा आमच्या लोकांचा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. शिंप्याकडून चिंध्या आणायच्या, सुताराकडून फळकुटं आणायची, आणि मग ती वर्षानुवर्षं पलंगाखाली जपायची. मी ती भोकं हातगाडीवर टाकून घरी आणली. बायकोने विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "उरलेलं." ती पलंगाखालची सूटकेस सरकवून जागा करू लागली. पूर्वीची असती तर मला आणि पत्र्याला दोघांनाही जिन्यात उभं केलं असतं.

पाटी बसवायच्या दिवशी वेल्डरने खिडकीच्या गजांवर सांगाडा टेकवला आणि विचारलं, "पक्कं करू का?" आमच्यात "पक्कं करू का?" या प्रश्नाला "नको" म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मी, मेहुणा आणि वरून काका, तिघेही एका सुरात "पक्कं करा!" म्हणालो. त्याने ते असं पक्कं केलं की आता इमारत पडली तरी पाटी तशीच अधांतरी राहील.

मग सगळे रस्त्यापलीकडे जाऊन बघू लागलो. काळ्याशार अक्षरांत, खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत: सुंदर हस्ताक्षर वर्ग. ‘सुंदर’ हा शब्द इतक्या दमदाटीने लिहिलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणजे सुंदर लिही, नाहीतर बघ.

बायकोने डोळ्यांवर हात धरून ती वाचली. मग म्हणाली, "दिसतंय खरं."

"बस थांब्यावरून दिसतंय!" काका म्हणाले. "आणि बघा, मी चष्मा काढलाय."

पहार ठळकचा परिणाम दुसऱ्या दिवशीच दिसू लागला, त्याबद्दल अक्षराला दोष देता येणार नाही. आमच्या खिडकीसमोर रोज कुणी ना कुणी गाडी लावून जायचं. एकही गाडी दिसेना. भिंतीशी आडोसा शोधणारे सभ्य गृहस्थ चार पावलं अलीकडूनच परत फिरू लागले. पार्सल घेऊन येणारा माणूस पायरीखाली उभा राहून अदबीने म्हणाला, "साहेब, सही हवी होती. सवडीने दिलीत तरी चालेल." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सवडीने सही करायला सांगितली. एक धिप्पाड तरुण येऊन मला आपादमस्तक न्याहाळून गेला. "इथे वजनं उचलायला शिकवतात ना?" म्हणाला. मी पाटीकडे बोट दाखवलं. त्याने ती वाचली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि "तरीच" म्हणून निघून गेला. एक म्हातारे गृहस्थ तर हळूच विचारू लागले, "इमारतीला सील लागलंय का हो? कुणाचं काय थकलं?"

सगळे आले, मुलं तेवढी आली नाहीत.

वर्ग सुरू व्हायच्या दिवशी बायकोने पुढच्या खोलीत सतरंजी घातली, फळा पुसला, पेन्सिलींना टोकं केली आणि दाराकडे तोंड करून बसली. मी पडद्याआडून रस्ता बघत होतो. एक आई मुलीचा हात धरून आली. पाटीसमोर थांबली. मुलीने वर बघितलं, आईच्या मागे लपली आणि म्हणाली, "आई, मी काय केलं?" आईने तिला कडेवर घेतलं आणि दोघी गेल्या.

आत येऊन बघतो तर बायको टोक केलेल्या पेन्सिलींना पुन्हा टोक करत होती.

"येतील गं," मी म्हणालो. "आज पहिलाच दिवस आहे."

"हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पेन्सिली नखाएवढ्या झाल्या. मग ती म्हणाली, "राहू दे आता. या आठवड्यानंतर हे सगळं शाळेला देऊन टाकते. बरोबर म्हणाले होते ते. अक्षर कुणाला हवंय?" हे ती चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने ते भाजी संपल्याचं सांगावं तसं सांगितलं.

त्या क्षणी मला ती पाटी शत्रू वाटू लागली. मी मेहुण्याला बोलावलं.

"काढायची?" तो म्हणाला. "पण आपणच तर पक्कं करा म्हणालो."

वेल्डर परगावी कामाला गेला होता आणि तो कधी परत येणार हे त्याच्या दुकानाच्या कुलपालाच ठाऊक होतं. मेहुण्याने पेटीतून करवत काढली. काकांनी वरून सूचना द्यायला सुरुवात केली. "डावीकडून कापा! डावीकडून नको, आधी मधून!" मेहुण्याने दोन्ही सल्ले पाळले. परिणामी पाटीचं एक टोक सुटलं, दुसरं सुटेना, आणि ‘वर्ग’ हा शब्द खाली झुकून वाऱ्यावर गजांना ठोके देऊ लागला. आता पाटी नुसती दिसत नव्हती, ऐकूही येत होती. वरच्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या, "अहो, तो वर्ग बंद करा ना!" बायको आतून शांतपणे म्हणाली, "होतोच आहे."

शेवटी मेहुण्याने ते टोक दोरीने बांधलं, आणि काका म्हणाले, "काढता येत नसेल तर झाका." मी घरातली सगळ्यात मोठी पांढरी चादर आणून पाटीवर घातली. मला वाटलं, सुटलो. पण खिडकीवर पांढरी चादर घातलेली लांबलचक वस्तू दिसली की लोकांना काय वाटतं? अनावरण आहे असं वाटतं. तासाभरात रस्त्यावर घोळका जमला. "कोण येणार आहे?" "केव्हा आहे?" एकाने तर मोक्याची जागा धरून शेजाऱ्याला बोलावून घेतलं. मी खिडकीत आलो तर दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी "काही नाही, काही नाही" म्हणत हात हलवला. त्यांनाही ते भाषण वाटलं असावं. तेवढ्यात वारा आला, चादर उडाली, आणि खालून फक्त ‘वर्ग’ बाहेर आला, वाकडा, काळाकुट्ट. मागचे लोक पुढे आले आणि पुढचे मागे गेले.

या गर्दीतूनच वाट काढत नगरपालिकेचा निरीक्षक आला. अंगात खाकी गणवेश, काखेत फाइल, चेहऱ्यावर सकाळपासून पायपीट केल्याचा वैताग. कुणीतरी तक्रार केली होती की इथे विनापरवाना पुतळा बसतोय.

"पुतळा नाही हो," मी म्हणालो. "पाटी आहे."

त्याने चादर वर केली, बघितलं, पुन्हा खाली केली. "पुतळा परवडला असता," तो म्हणाला. "घराच्या खिडकीवर एवढ्या उंचीची अक्षरं चालत नाहीत. त्यात लोंबकळतेय. नोटीस देतो."

आत येऊन त्याने फाइल गुडघ्यावर ठेवली आणि नोटीस लिहायला लागला. लिहून माझ्या हातात दिली. मी ती सरळ धरून पाहिली, मग उलटी धरून पाहिली. मेहुण्याने पाहिली. काका तोवर खाली आले होते; त्यांनी चष्मा लावून पाहिली, काढून पाहिली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"नोटीस," निरीक्षक म्हणाला.

"ते कळलं. पण नोटिशीत काय लिहिलंय?"

त्याने कागद परत घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि सुरुवात केली. "आपणास कळवण्यात येते की आपण... आपण..." मग तो थांबला. कानापर्यंत लाल झाला. पुढे काय ते त्याचं त्यालाही लागेना.

आणि तेव्हा मागून आवाज आला, "पेन असं धरतात का?"

मी दचकलो. हा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. बायको दारात उभी होती, पदर खोचलेला.

"मूठ सोडा. मूठ सोडा आधी. लाटणं आहे का ते? कोपर उचललंत तर अक्षर लंगडणारच. दाखवा कागद. अरे देवा! ही रेघ आहे की पळून चाललंय कोणी?"

तो गणवेशातला माणूस उठून उभा राहिला. आपण उभे का राहिलो हे त्याला कळलं नसावं. "मॅडम, घाई असते ना..." तो म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "साहेब अहवाल परत पाठवतात. म्हणतात, तुझं लिहिलेलं तूच वाच. माझ्या मागून आलेले पुढे गेले. घरी मुलगीसुद्धा म्हणते, बाबा, माझ्या वहीवर लिहू नका."

मला अचानक तो आमच्यातलाच वाटला. बैठकीत चहा येण्याआधी ज्याचं वाक्य पूर्ण होत नाही, त्यातला.

"बसा," बायको म्हणाली.

"अहो मॅडम, मी ड्यूटीवर..."

"बसा म्हटलं ना."

तो सतरंजीवर मांडी घालून बसला. तिने त्याला सरळ रेघ काढायला सांगितली. ती तिरकी गेली. पुन्हा सांगितली, ती नदीसारखी गेली. हाताला धरबंदच नव्हता. तिने खोलीभर नजर फिरवली, काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि मला म्हणाली, "अहो, तुमची ती भोकं आणा."

मी आणि मेहुण्याने पलंगाखालून पत्रा ओढून आणला. तिने तो फळ्याला टेकवला, धारेवर बोट फिरवून तिथे कागदाची पट्टी चिकटवली, आणि निरीक्षकाच्या हातात खडू दिला. "भोकाच्या कडेकडेने चला. बाहेर जायला जागाच नाही. सावकाश. आधी शिरोरेघ. थांबा. कोपरा आला की थांबायचं, मगच वळायचं."

पहार ठळकचा मला जो राग आला होता तो तिथे विरघळायला लागला. कारण त्या अक्षरात सगळ्या रेघा सरळ, सगळे कोपरे चोख. जिथे थांबायचं तिथे ते हाताला थांबवतंच. निरीक्षक जीभ दाताखाली धरून ‘व’ची पेटी गिरवत होता. पत्रा बाजूला केला तेव्हा फळ्यावर एक ‘व’ उभा होता, दणकट, धडधाकट, कुणालाही वाचता येईल असा. तो त्याच्याकडे बघतच राहिला.

"मी काढला हा?" तो म्हणाला. आणि मग, "बाई, आता पुढचा?"

मॅडमची बाई कधी झाली, ते त्यालाही कळलं नाही. तिला कळलं. मी तिच्याकडे बघत होतो म्हणून सांगतो.

"आधी सरळ जमू दे," ती म्हणाली. "गोलाई मागून येते. पुन्हा मुठीत धरलास खडू?"

खिडकीतून खुदकन आवाज आला. बघतो तर चादरीखालून गजांना नाकं लावून पोरं उभी. अनावरणासाठी जमलेल्या गर्दीतली पोरं. त्यांना आयुष्यात याहून चांगला कार्यक्रम बघायला मिळाला नव्हता. एक मोठा, गणवेशातला माणूस सतरंजीवर बसलाय आणि त्याला बोलणी बसतायत!

"बाई, त्याचा चुकला!" एकजण ओरडला.

"तू काढून दाखव," बायको म्हणाली.

तो आत आला. त्याच्यामागून दुसरा आला. "मला पण भोकातून काढायचंय" म्हणत ती आईमागे लपलेली मुलगीही आली, आणि तिच्यामागे तिची आई. जरा वेळाने आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही, पत्र्यासमोर रांग लागली, आणि रांगेत घुसणाऱ्याला निरीक्षक सरकारी आवाजात "मागे व्हा" म्हणू लागला. पेन्सिली पुरेनात. नखाएवढे तुकडे मोडून मोडून वाटले. मी स्वयंपाकघरात गेलो, ‘रिकामा’ डब्याला टेकून उभा राहिलो आणि मोठा श्वास सोडला. किती दिवसांनी सोडला, मलाच ठाऊक.

वर्ग तेव्हापासून चालू आहे. वेल्डर परत आला, त्याने पाटी उतरवली आणि जाताना "गोल नको बरं का" असं बजावून गेला. ती पाटी इमारतीच्या मागच्या फाटकाला लावली आहे. तिथे ‘सुंदर हस्ताक्षर वर्ग’ असं लिहिलंय खरं, पण तिथे आता कुणी गाडी लावत नाही. काका म्हणतात, ही कल्पना मूळची त्यांचीच. आमच्या खिडकीत एक कागद आहे. बायकोने लिहिलेला, गोल अक्षरांत. बस थांब्यावरून दिसत नाही. ज्यांना यायचं ते जवळ येऊन वाचतात.

पण मी पुढचं आधी सांगितलं. पाटी खिडकीवर चादर पांघरून असतानाच, काही दिवसांनी, संध्याकाळी वर्ग सुटल्यावर निरीक्षक मागे रेंगाळला. फाइलमधून एक कागद काढून त्याने लाजत बायकोच्या हातात दिला.

"बाई, बघता का जरा?"

तिने वाचला. मीही खांद्यावरून वाचला. शिरोरेघ सरळ, प्रत्येक अक्षर आपापल्या पायावर उभं. ‘ळ’ला तर हलकीशी गोलाईसुद्धा आली होती. लिहिलं होतं, आपणास कळवण्यात येते की आपल्या खिडकीवरील विनापरवाना पाटी त्वरित काढावी, अन्यथा आपणावर कारवाई करण्यात येईल. न वाचता येणारी नोटीस कुणाला लागू करणार होता तो? आता लागू झाली, आणि तीही आमच्याच घरात शिकून.

"छान!" बायको म्हणाली. तिने लाल पेन्सिलीने कोपऱ्यात चांदणी काढली. "साहेबांना दाखव."

"ही तुमची प्रत, बाई. पोच द्यावी लागते." त्याने पोचपावतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी त्यावर सही केली.

बायकोने मान तिरकी करून ती बघितली. चांदणीवाली नोटीस तिने बाजूला सारली आणि सहीवर बोट ठेवलं.

"हे काय? मुंगी पुन्हा पडली वाटतं शाईत," ती म्हणाली. "खोडा. नीट करा परत."

निरीक्षक तोंडावर फाइल धरून हसायला लागला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी सही खोडली आणि दुसरी केली. तीही तिला आवडली नाही. मग सतरंजीवर तिच्यासमोर बसलो आणि तिसरी करायला घेतली.